दारातली खापरं

आसोगेस, १२ मे १९९६

प्रिय नोएमी,

टेकडीवरच्या चर्चमधल्या मेघमातेची छाया तुझ्यावर असो. परवा फोनवर तू विचारलंस आणि मी "आई बरी आहे" म्हणून मोकळी झाले, कारण ती शेजारीच बसली होती आणि तिचे कान अजून मांजराचे आहेत. शिवाय फोनवर बोलताना माझं अर्धं लक्ष घड्याळाकडे असतं. आता निवांत खरं लिहिते.

आई बरी नाही. ईस्टरपासून ती चाललेली नाही. अंथरुणावरून खुर्चीत, खुर्चीतून अंथरुणावर, तेही माझ्या खांद्यावर भार टाकून. जातुम्पांबाचं घर बंद करून तिला मी इथे खाली आसोगेसला माझ्याकडे आणलं आहे. मडकी घडवायच्या तिच्या थापट्या तिने शालीखाली धरून आणल्या आणि उशाशी ठेवल्या आहेत.

कुएन्काला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. ओर्देन्याना त्यांचं नाव. त्यांनी खुब्याचा फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, "आजी, मडकी किती वर्षं करताय?"

"दात यायच्या आधीपासून."

"चाकावर?"

"चाक आळशी माणसांना. आमच्याकडे मडकं जागेवर असतं, आपण त्याच्याभोवती फिरायचं."

"मग बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले. "मडकी राहिली धड, झिजलात तुम्ही."

आईला विनोद आवडला, पण पुढचं नाही आवडलं. खुब्याचा झिजलेला गोळा काढून दुसरा बसवायचा आहे. हाडात धातूचा दांडा आणि दांड्यावर गोळा. तो गोळा कशाचा, ऐक. भाजलेल्या मातीचा! ब्राझीलला होतो, साओ कार्लोसला. मी म्हटलं, "अहो, माझी धाकटी बहीण तिथेच असल्याच कारखान्यात आहे." डॉक्टरांनी माझ्याकडे आणि आईकडे आळीपाळीने पाहिलं.

आई तिथेच ताठ झाली. "मातीशी साठ वर्षं संसार केलाय मी. माती काय करते ते मला शिकवू नका. पडली की फुटते. खुब्यात फुटली तर काय वेचून काढणार?"

डॉक्टर थांबायला तयार आहेत, पण हाड थांबणार नाही म्हणतात. या वर्षात केलं नाही तर दांड्याला धरायला हाडच उरणार नाही, मग कायमचं अंथरूण. आणि आईच्या मनाविरुद्ध मी तिला टेबलावर निजवणार नाही, ते पाप माझ्याने होणार नाही.

तेव्हा तूच सांग. ही माती कोणती, तिला आकार कसा देता, आणि ती फुटते का? कॉलेजातल्यासारखं लिहू नकोस, मी मॅट्रिक आहे आणि आई तेवढीही नाही. खर्चाचं मी बघते, त्यात तू पडू नकोस.

तुझी ताई,
देल्फिना


साओ कार्लोस, ३ जून

प्रिय ताई,

तुझं पत्र कारखान्याच्या पायरीवर बसून वाचलं आणि जेवायचं राहून गेलं. ईस्टरपासून! आणि मला तू परवापर्यंत "बरी आहे" सांगत होतीस. असू दे, भांडण नंतर.

आधी माती. ओढ्याकाठून खणून, पायांनी तुडवून काढतो ती माती ही नाही. ही पांढरी भुकटी आहे, माचिकाच्या, आपल्या भाजक्या सातूच्या पिठापेक्षाही बारीक. जात म्हणशील तर माणकाची. माणिक आणि नीलम ज्या जिनसाचे होतात त्याचीच ही भुकटी, फक्त रंग नसलेली. आईला सांग, बिशपच्या अंगठीतला खडा आणि तिच्या खुब्यातला गोळा चुलतभावंडं असतील.

आता आकार. तो तीन तऱ्हांनी देता येतो. एक, भुकटी पाण्यात कालवून प्लास्टरच्या साच्यात ओतायची. कपबश्या तशाच होतात. प्लास्टर पाणी पिऊन घेतं आणि साच्याला लागून भुकटीची कड धरते. पातळ वस्तूला ठीक, पण जाड गोळ्याचं बाहेरचं सुकतं तेव्हा आतलं ओलंच असतं.

दुसरी तऱ्हा म्हणजे पोलादी साच्यात भरून वरून दट्ट्याने दाबायची. झटपट होतं. पण तू डब्यात पीठ दाबून भरतेस ना? वरचा थर घट्ट होतो आणि खालचं, मधलं भुसभुशीतच राहतं, कारण डब्याच्या भिंती तुझा दाब खातात. गोळ्याचंही तेच. बाहेरून काही दिसत नाही. भट्टीत दिसतं. भाजताना सगळाच गोळा आवळतो, पण भुसभुशीत जागा जास्त आवळते आणि घट्ट जागा कमी. मग तो वाकडा होतो, नाहीतर आतल्या आत स्वतःपासून सुटतो.

तिसरी तऱ्हा आमची. भुकटी रबरी पिशवीत भरायची, तोंड गच्च बांधायचं, जाड पोलादी टाकीतल्या पाण्यात सोडायची आणि त्या पाण्यालाच दाबायचं. पाणी कुणाची बाजू घेत नाही. वरून, खालून, कडेने, सगळीकडून सारखंच आवळतं. मग भुकटीतल्या कणाला कुठूनच पळायला जागा राहत नाही. आई आतून एक थापटी, बाहेरून एक थापटी धरून फिरत जाते, तसं काहीसं. फक्त इथे फिरतं कुणीच नाही.

कारखान्यातला एक माणूस तुमच्याकडे येतोय, त्याच्याबरोबर दोन गोळे पाठवते. एकाच पिशवीतून निघालेली जुळी. मोठा आहे तो कच्चा, नुसता दाबलेला. लहान तो भाजून, घासून तयार केलेला. त्याचं भोक दांड्यासाठी आहे. दोघांत भुकटी तेवढीच होती, यावर विश्वास बसायला मलाही वेळ लागला होता.

आणि आईला ठणकावून सांग, आमचे गोळे फुटत नाहीत. एकही नाही.

तुझी,
नोएमी


आसोगेस, १ जुलै

प्रिय नोएमी,

गोळे पोचले. तो माणूस दारातूनच परत निघाला होता, त्याला बळेच बसवून उकडलेल्या मक्याचे मोते आणि चीज खायला घातलं. तुझ्या नावाने आलेला माणूस उपाशी कसा जाऊ द्यायचा?

आईने आधी कच्चा गोळा हातात घेतला आणि काय केलं असेल? जीभ लावली. तुला आठवतच असेल, बाजारातसुद्धा ती दुसरीचं मडकं हातात घेऊन आधी जीभ लावायची आणि तू लाजून माझ्यामागे लपायचीस. कच्चा गोळा जिभेला असा चिकटला की तिला ओढून काढावा लागला. "याला तहान आहे," ती म्हणाली. "साधी माती. आणि म्हणे माणिक!"

मग भाजलेला घेतला. जीभ सरकली. तिने पुन्हा लावली, मग फिरवून दुसरीकडे लावली.  मला वाटलं दात दुखला. मग हळू आवाजात म्हणाली, "देल्फिना, याला तहानच नाही गं."

नोएमी, साठ वर्षांत आईने तहान नसलेली भाजकी माती कधी चाखली नव्हती. दुपारभर तो गोळा तिच्या मुठीत होता. तो बर्फासारखा गार लागतो आणि त्यात आमची खिडकी दिसते, खिडकीतला टेकडीवरचा मेघमातेचा घुमटसुद्धा. मी दोन्ही गोळे पुढ्यात ठेवून विचार करत बसले. घरच्या हिशोबात असं कधी होत नाही. काही घातलं नाही, काही काढलं नाही, वस्तू लहान झाली आणि मोल वाढलं. मी मनात एक जपमाळ म्हणून टाकली.

पण आई ती आईच. संध्याकाळी म्हणाली, "या कच्च्याचाच हा झाला, हे बघितलं कुणी?"

"नोएमीने."

"नोएमी भट्टीत डोकं घालून बसली होती?"

तेव्हा मी एक मनाशी योजलं आहे. येत्या शनिवारी जातुम्पांबाला आईच्या शेजारणीची, क्लोतिल्देची भाजणी आहे. आता सांगत नाही, झालं की कळवते. आईच्या डोळ्यांदेखत होईल आणि प्रश्न मिटेल.

तुझी ताई,
देल्फिना


आसोगेस, ९ जुलै

प्रिय नोएमी,

हे पत्र लिहायला हात धजत नाही. आईला गाडीत घालून जातुम्पांबाला नेलं. क्लोतिल्देने मडकी रचली होती, निलगिरीची लाकडं, वर पेंढा, शेण. सर्वांत मोठ्या रांजणाच्या पोटात मी तुझा कच्चा गोळा ठेवला, क्रूसाची खूण केली आणि आईला म्हटलं, "उद्या बघ, आवळून जुळ्यासारखा झाला असेल."

भाजणी उत्तम झाली. वारा हवा तसा होता. सकाळी राख बाजूला केली, क्लोतिल्देचं एक मडकं सोडून सगळी खणखणीत. तुझा गोळा जसाच्या तसा मोठा. एक सूतभरही आवळला नव्हता. आईने अंगठ्याने दाबला तर कड खडूसारखी झडली. वाटीत भुकटी पडली, नोएमी.

 मग क्लोतिल्देच म्हणाली, "ब्राझीलची माती ब्राझीललाच बरी गं तोमासा."

आईने हात झटकले. "चला घरी. हे माझ्या अंगात जाणार नाही."

तेव्हापासून ती विषय काढू देत नाही. मी मूर्खपणा केला, की तू दोन वेगवेगळ्या वस्तू जुळ्या म्हणून पाठवल्यास? रागाने विचारत नाही. पण मला कळलं पाहिजे.

देल्फिना


साओ कार्लोस, ३० जुलै

ताई,

वाचून आधी हसले, मग रडले, मग शेजारीण विचारायला आली.

तू आग म्हणजे आग असं धरलंस. तुला दोष कसा देऊ? त्या टेकडीवर जन्मलेली कुणीही तसंच धरेल, मीही इथे येईपर्यंत तसंच धरत होते. आपल्या मातीत किती काही मिसळलेलं असतं, ते थोड्या आगीतच पाझरतं आणि कणाला कण चिकटवतं. माझ्या भुकटीत चिकटवणारं काहीच नाही. कच्चा गोळा हातात टिकावा म्हणून थोडा डिंक असतो, तेवढाच क्लोतिल्देच्या आगीने खाल्ला. म्हणून गोळा होता त्याहूनही दुबळा झाला. त्याला आपल्या भाजणीच्या दुप्पट ताव लागतो.

त्या तावाबद्दल तुला सांगते, आईलाही वाच. आमच्या भट्टीला एक बारीक भोक आहे, त्यातून काळ्या काचेआडून आत बघता येतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं भट्टी रिकामी आहे. गोळे रचलेले मी स्वतः पाहिले होते. पण आत ना गोळे, ना फळ्या, ना भिंत. सगळं एकाच पांढऱ्या उजेडाचं, कशाला कड नाही, कशाची सावली नाही. वस्तू आहेत, आणि उजेडातून वेगळ्या काढता येत नाहीत. मी तिथून मागे सरकले आणि नकळत डोक्यावर रुमाल घेतला, चर्चमध्ये शिरताना घेतो तसा.

आणि त्या तावातसुद्धा काही वितळत नाही, ताई. भुकटीचा कण कणच राहतो. फक्त शेजारच्या कणाला टेकतो, टेकता टेकता त्याच्याशी एक होतो, आणि मधली पोकळी कणाकणाच्या सांध्यांमधून वाट काढत बाहेर निघून जाते. कणांना दाबून जवळ बसवलेलं असेल तर सगळीकडून सारखी जाते. कुठे विरळ बसले असतील तर तिथे अडकून बसते. मी बारा वर्षं हे काम करते, कारणही सांगू शकते, तरी भट्टी उघडताना अजून दर वेळी डोक्यावर रुमाल घेते.

आता तरी आईला सांग. क्लोतिल्देच्या आगीत जे झालं ते गोळ्याचं मोजमाप नाही. आमचे गोळे फुटत नाहीत.

नोएमी


आसोगेस, २४ ऑगस्ट

प्रिय नोएमी,

पत्र आईला वाचून दाखवलं. आगीचा भाग तिने दोनदा वाचायला लावला. "सगळं सारखंच पांढरं?" विचारत राहिली. "मडकं कुठलं आणि आग कुठली कळत नाही?" मग क्रूसाची खूण करून म्हणाली, "एवढ्या आगीला तोंड देऊन आलंय ते. मला बघायला मिळाली असती ती आग!" क्लोतिल्देच्या भाजणीपासूनची तिची खट्टूपणाची गाठ तिथे सुटली. मला वाटलं, झालं, आता हो म्हणेल.

तरी नाहीच म्हणाली.

मी चिडले, नोएमी. म्हटलं, "आई, आता काय राहिलं?" तर म्हणते, "पोरगीने दार झाडून ठेवलंय."

तू फार वर्षं बाहेर आहेस, विसरली असशील. आपल्याकडे भाजणी झाली की फुटलेल्या मडक्यांची खापरं बाई आपल्या दाराशीच रचून ठेवते, पुढच्या भाजणीपर्यंत. गिऱ्हाईक आलं की आधी खापरं बघतं, कुठे तडकली, कशाने, मग आत पाऊल टाकतं. दारात खापर नसेल तर त्या घरचं मडकं कुणी घेत नाही. क्लोतिल्देच्या सासूने एकदा ऐट म्हणून दार झाडून लखलखीत ठेवलं होतं, त्या वर्षी तिच्या रांजणांत कोंबड्यांनी अंडी घातली.

आई म्हणते, "एकही फुटत नाही म्हणे. जिचं एकही फुटत नाही तिने एक तर भाजलंच नाही, नाहीतर ती लपवते. माझीच लेक आहे म्हणून दुप्पट काळजी वाटते."

मी तुझी बाजू घेतली. पण खरं सांगू? तुझी दोन्ही पत्रं पुन्हा काढून वाचली आणि मलाही ते वाक्य टोचलं. तू शाळेत असताना पोटात दुखत असलं की अशीच "काहीच दुखत नाही" म्हणायचीस.

डॉक्टरांकडे नेलं होतं. नवा फोटो काढला. ते आता हसले नाहीत. नोव्हेंबरच्या पुढे मला बोलवू नका म्हणाले. आईला आता खुर्चीतही बसवत नाही.

देल्फिना


साओ कार्लोस, १५ सप्टेंबर

ताई,

या पत्राबरोबरचं पुडकं आईपुढे उघड. त्यात खापरं आहेत.

फुटतात. गेल्या वर्षाच्या शेवटी मागणी वाढली आणि आमची पाण्याची टाकी दुरुस्तीला गेली होती. थांबायचं की काम चालू ठेवायचं, हे ठरवणं माझ्याकडे होतं. मी म्हटलं, तोपर्यंत पोलादी साच्यात दाबू, वरून आणि खालून दोन्हीकडून दाबू, फरक फार पडणार नाही. भुकटी तीच, भट्टी तीच, ताव तोच, घासणारे हातही तेच. गोळे निघाले ते तुला पाठवलेल्यासारखेच चकचकीत. कारखान्याबाहेर जायच्या आधी प्रत्येक गोळ्याला तीन परीक्षा असतात. लाल शाई फासून पुसतात, तडा असेल तर शाई आत राहते. शाई राहिली नाही. मग हवेत तोलून पाण्यात तोलतात, आत पोकळी उरली असेल तर काटा सांगतो. काटा जरासा हलला. इतका जरासा की मी म्हटलं, चालेल.

शेवटी प्रत्येक गोळा दांड्यावर बसवून माणसाच्या वजनाच्या कितीतरी पट भार देतात. मी यंत्राशेजारी उभी होते. पहिला फुटला तेव्हा बंदुकीसारखा आवाज झाला. मग दुसरा. सगळे नाहीत, पण इतके की मी यंत्र बंद करायला सांगितलं आणि ती सगळी रास मोडीत काढली, न फुटलेल्यांसकट. एकही बाहेर गेला नाही. पण गेला असता, ताई. काट्याजवळ मी "चालेल" म्हणाले होते.

टाकी दुरुस्त होऊन आली आणि आम्ही परत पाण्यातच दाबतो. तरीही भार देताना अधूनमधून एखादा फुटतो. पिशवी भरताना भुकटीने कुठे कमान धरून खाली पोकळी सोडली, केस पडला, कारणं असतात, कधी सापडतात, कधी नाही सापडत. म्हणूनच भार देतो. परीक्षेतून निघालेला गोळा पुढे माणसाच्या अंगात कधीच फुटणार नाही, असं शपथेवर मी लिहू शकत नाही. फार क्वचित फुटलेत, जगभरात. हे मी तुम्हाला लिहिलं नव्हतं, कारण आई नाही म्हणेल याची भीती होती.

पुडक्यात दोन खापरं आहेत. निळ्या कागदातलं त्या राशीतलं आहे, साध्या भारात फुटलेलं. पांढऱ्या कागदातलं पाण्यात दाबलेल्याचं. ते फुटेना, तेव्हा आम्ही भार वाढवत वाढवत मुद्दाम फोडलं.

आई नाही म्हणाली तर मी तुला पुन्हा आग्रह करणार नाही.

नोएमी


आसोगेस, १२ ऑक्टोबर

प्रिय नोएमी,

पत्र मी आधी एकटीने वाचलं आणि गाळून वाचावं का असं मनात आलं. मग मेघमातेसमोर एक मेणबत्ती लावली आणि सगळं जसंच्या तसं वाचलं. "चालेल म्हणाले होते" इथे आईने डोळे मिटले. पुढचं वाच म्हणाली.

मग खापरं मागितली. दोन्ही हातांत एकेक घेऊन उन्हात धरली. फुटलेली बाजू साखरेसारखी चमकते. जीभ लावली, आधी निळ्या कागदातल्याला, मग पांढऱ्यातल्याला. मग उलट. मला वाटलं, आता ही सांगणार.

"नाही कळत," आई म्हणाली. "दोन्ही सारखीच लागतात मला."

"डोळ्यांना?"

"डोळ्यांनाही नाही. हे माझ्या जिभेच्या पलीकडचं आहे गं. त्या काट्याला कळलं आणि त्या यंत्राला कळलं." तिचा चेहरा पडला नव्हता हे तुला कसं सांगू. लहान मूल पहिल्यांदा समुद्र बघतं तशी ती त्या दोन तुकड्यांकडे बघत होती. "म्हणजे एवढीशी सैल राहिली तर एवढ्या आगीतून जाऊनही ती सैलच राहते? आगीने भरून काढलं नाही?"

"नाही म्हणते नोएमी. दाबताना राहिलं ते राहिलं."

आईने दोन्ही तुकडे पांघरुणावर शेजारी शेजारी ठेवले. मग म्हणाली, "रास मोडली ना तिने?"

"मोडली."

"न फुटलेलीसुद्धा?"

"हो."

"मी नसती मोडली," आई म्हणाली. "न फुटलेली मी बाजारात नेली असती." आणि हसली, ईस्टरनंतर पहिल्यांदा. "डॉक्टरला सांग, आणा म्हणावं तो गोळा. लवकर आणा, मला या अंथरुणाचा कंटाळा आलाय."

खापरं तिने मला बाहेर दाराच्या उंबऱ्याशी ठेवायला लावली. शेजारी विचारतात, ही काय कपबशी फुटली का? आई आतून ओरडते, "माझ्या लेकीच्या भाजणीची आहेत! हात लावू नका!"

तारीख मिळाली की कळवते. रोज एक जपमाळ तुझ्या नावाने म्हणते.

तुझी ताई,
देल्फिना


साओ कार्लोस, २८ ऑक्टोबर

ताई,

तुझं पत्र मी पाचव्यांदा वाचते आहे, आणि यंत्रावरच्या मुलींनाही भाषांतर करून सांगितलं. त्यांनी आईचं नाव खडूने टाकीवर लिहिलंय. तोमासा.

डॉक्टरांचा गोळा काल इथून निघाला. तो मी निवडला नाही. सगळे म्हणाले तू निवड, पण निवडायला गेले तर प्रत्येकात मला काहीतरी दिसायला लागलं. तेव्हा रांगेत पुढचा होता तो, तिन्ही परीक्षा झालेला, दुसऱ्या कुणाच्याही आईला गेला असता तो, तोच तिच्यासाठी गेला.

तिला टेबलावर नेतील त्या दिवशी मला तार कर. त्या दिवशी मी भट्टीजवळ असेन.

नोएमी


आसोगेस, ३ जानेवारी १९९७

प्रिय नोएमी,

तार मिळाली तुला, पण तारेत काय मावतं? आता सविस्तर.

ऑपरेशन नीट झालं. आईला कंबरेखालीच बधिर केलं होतं, ती जागी होती आणि डॉक्टरांना पडद्यामागून विचारत होती, "बसला का? नीट ठोका, घाबरू नका, तो भार घेऊन आलाय." दांड्यावर गोळा बसवताना ठोकतात तो आवाज तिने ऐकला. म्हणते, एकच टिचकी, आणि मग शांत.

चालायला शिकवणारी मुलगी फार गोड होती, पण तिला आई कळेना. "पुढे पाऊल टाका, आजी." आई मागे टाकायची. मी सांगितलं, "बाई, या पायांना जन्मभर मडक्याभोवती पाठमोरं चालायची सवय आहे." शेवटी त्या मुलीने दवाखान्याच्या पडवीत तिला आधी मागे मागेच चालवलं. सगळे रुग्ण उठून बघायला आले. पुढे चालायला यायला आणखी एक आठवडा गेला. आता काठी घेऊन ती अंगण ओलांडते. डॉक्टर म्हणाले, चाला, पायऱ्या चढा, पण एवढ्यात गुडघे टेकायचे नाहीत, खाली वाकायचं नाही.

वर्षाच्या पहिल्या दिवशी मेघमातेचा सण. आई म्हणाली, टेकडी चढायची. मी घाबरले, पण ती ऐकते का? थांबत थांबत आम्ही पोचलो. क्लोतिल्दे आणि गावातल्या बाया आल्या होत्या. चर्च खच्चून भरलं होतं, बसायला जागा नव्हती, आम्ही मागच्या खांबाशी उभ्या राहिलो.

मिस्सा सुरू झाली. पवित्र भाकर उंच धरायची वेळ झाली, घंटी वाजली आणि सगळं चर्च एकदम गुडघ्यांवर आलं. मीही. दगडी फरशी गार होती. मग मागून क्लोतिल्देची कुजबुज आली, "तोमासा, वाक की गं! राणी झालीस काय?"

वरून आईचा आवाज आला, "मनाई आहे मला."

मी डोकं वर केलं. एवढ्या मोठ्या चर्चमध्ये दोनच माणसं उभी होती, पलीकडे वेदीवर भाकर उचललेले फादर आणि इकडे आई. काठी तिने खांबाला टेकवून ठेवली होती, दोन्ही हात मोकळे होते. इतक्या खालून मी तिला लहानपणानंतर कधी बघितलं नव्हतं, आणि तेव्हाही ती कामात असायची, वाकलेली. आता सरळ होती.

त्या वेळी मान खाली घालायची असते, नोएमी, मला माहीत आहे. मी घातली नाही. घंटी थांबेपर्यंत मी आईकडेच बघत राहिले.

तुझी ताई,
देल्फिना